चकचकीत फाइल

सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत माझ्यापुढच्या बाईंनी केसपेपरची घडी घातली आणि तो एका खाजगी दवाखान्याच्या चकचकीत फाइलमध्ये सरकवला. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाल्या, "गुडघा इथल्याच औषधानं बरा झाला हो. पण सोसायटीत कळलं तर म्हणतील, एवढी वेळ आली का यांच्यावर?"

मला संतापच आला. बरं वाटलं की आपलं नशीब, बिघडलं की म्हणायचं, 'सरकारीच ते!' इथला बंद पंखा, तुटलेलं बाक यांसाठी भांडणार कोण? आपण इथं येतच नाही असं दाखवणारे?

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. "कुठं आहात?"

"बँकेत," मी म्हणालो.

बाईंनी पिशवीत हात घातला. "घ्या, माझ्याकडे अजून एक फाइल आहे."