एक दिवस आधीची नाडी

आधीच सांगून ठेवते — भुतंखेतं, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर मी आयुष्यात काडीचाही विश्वास ठेवलेला नाही. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. बाळंतिणीला अंगारे-धुपारे करत बसून मग अर्धमेली झाल्यावर दवाखान्यात आणणाऱ्या नातेवाइकांवर ओरडण्यात निम्मा घसा गेला. पण माझी नात वाचकांच्या अजब अनुभवांचं हे सदर नेमानं वाचते आणि महिनाभर माझ्या मागे लागली आहे — "दादी, तुझा तो नाडीचा किस्सा पाठव ना!" शेवटी तिचं तोंड बंद करण्यासाठी लिहिते आहे. वाचून कुणी घाबरेल असं यात काही नाही. चीड येईल. मला तर साठ वर्षं येतेच आहे.

माझं नाव जुबेदा शेख. माहेर दारव्ह्याचं. अब्बांचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. १९६२ साली मी यवतमाळला नर्स-दाईच्या ट्रेनिंगला गेले. आमच्या घरातली नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिली मुलगी. अब्बांनी एकच अट घातली होती — नापास झालीस तर परत दारव्ह्याला, आणि पुढच्या महिन्यात निकाह. त्यामुळे मी पुस्तक घोकून घोकून पाठ केलेलं. हृदयाचे चार कप्पे, दोनशे सहा हाडं, रक्त कुठून निघून कुठे जातं... झोपेतून उठवून विचारा!

बायकांच्या वॉर्डामागे टिनाच्या छपराची एक लांबट खोली होती, तोच आमचा वर्ग. भिंतीवर रक्ताभिसरणाचा एकच तक्ता. शिकवायला इंगळे बाई. त्या शांत असल्या की पुस्तकी मराठी बोलायच्या, रागावल्या की थेट वऱ्हाडी. आम्ही बहुतेक वेळ वऱ्हाडीच ऐकली.

त्यांनी आमच्या जोड्या लावल्या आणि माझ्या नशिबी चंद्री राठोड आली. पुसदकडच्या एका बंजारा तांड्यावरची. तांड्यात सातवी पास झालेली ती एकटीच. स्वभावानं गरीब, कामाला वाघीण, पण प्रश्न असे विचारायची की बाईंचं डोकं फिरायचं. तक्त्यात अशुद्ध रक्ताच्या शिरा निळ्या रंगवलेल्या असतात ना — ही उभी राहून विचारते, "बाई, मंग कापलं त निळं रगत काहून नाई येत?" बाई म्हणाल्या, "खाली बस." आणि जोडीचे गुण एकत्र धरणार होते! म्हणजे हिच्यामुळे मी बुडणार.

नाडीचा धडा आला. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवायची, हलकेच दाबायचं, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी उडते आणि आपण आपलीच मोजत बसतो. दहा दिवस रोज सकाळी दहाच्या ठोक्याला जोडीदाराची नाडी मोजायची आणि निळ्या शाईनं वहीत लिहायची. लगेच बाई येऊन स्वतः मोजणार आणि शेजारी लाल शाईनं लिहिणार.

पहिल्याच दिवशी चंद्रीनं माझी नाडी लिहिली — ११८. मी आरामात स्टुलावर बसलेली! बाईंनी मोजली, ७६ भरली.

"राठोड, हे काय व? एकशे अठरा? ही पोरगी तापानं फणफणून राह्यली काय?"

"बाई, मी त मोजली. तेवढीच लागली."

"अंगठा लावला असशीन!"

"नाई बाई. हे पाहा, तीन बोटं."

दुसऱ्या दिवशी बाईंना काय सुचलं कोण जाणे, आम्हा सगळ्यांना इमारतीभोवती दोन फेऱ्या पळायला लावलं आणि मग मोजा म्हणाल्या. पळाल्यावर हृदय किती जोरात चालतं ते दाखवायचं होतं म्हणे. मी धापा टाकतेय आणि चंद्रीनं लिहिलं — ७४! तेव्हा तर मी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी मोजली, लाल शाईनं आकडा टाकला, वही आपटली आणि पुढे गेल्या. असं रोज. तिसऱ्या दिवशी चूक, चौथ्या दिवशी चूक. बाईंनी तिची बोटं धरून माझ्या मनगटावर ठेवून पाहिली, घड्याळ बदलून पाहिलं, तिला उभी करून, बसवून... आकडा चूक तो चूकच. मी तिच्याशी बोलणं सोडलं. रात्री जेवताना ती माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा गूळ सरकवायची, तो मी परत सरकवायची.

दहा दिवस झाल्यावर सरासरी काढायची होती. चंद्रीची वही मीच ओढून घेतली, निदान बेरीज तरी बरोबर येऊ दे म्हणून. निळे आकडे एकाखाली एक — ११८, ७४, ८०, ९६... आणि शेजारी लाल — ७६, ११८, ७४, ८०...

मी पुन्हा पाहिलं. लाल रांग म्हणजे निळीच रांग होती. फक्त एक ओळ खाली घसरलेली. अगदी शेवटपर्यंत. चंद्रीनं आज लिहिलेला आकडा बाईंनी उद्या लिहिला होता.

मला आधी काय वाटलं सांगू? हिनं नक्कल केली आणि ओळ चुकली! मग ध्यानात आलं की उद्याची नक्कल आज करणार कुठून. तिच्यासमोर वही धरली.

"हे काय आहे, चंद्री? तुले कसं कळते?"

"कळत कायले? बोटाले जेवढे ठोके लागते तेवढे लिहितो." ती रडकुंडीला आली. "तू तरी मले नको भांडू व जुबेदा."

तिचा शेवटचा निळा आकडा होता ८८. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी मुद्दाम अंगणात शांत बसले, लांब श्वास घेतले — हा आकडा खोटा पाडायचाच म्हणून. बाईंचं घड्याळ मागून आणलं आणि स्वतःची नाडी स्वतः मोजली. ८८. चिडल्यामुळे वाढली असेल, दुसरं काय... मी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "वह्या स्वच्छ ठेवत जा." बस्स! एवढंच!

त्यानंतर आम्हाला बाळंतिणींच्या वॉर्डात लावलं. तिथे पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली गिरजाबाई नावाची बाई होती. तिसरं बाळंतपण, दुसरा दिवस. ठणठणीत. भाकरी पुरत नाही म्हणून सगळ्यांशी भांडायची. तिचा नवरा कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या ओळखीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्याच ट्रकमध्ये बसून माय-लेकरू घरी जाणार, असं ठरलेलं.

दहा वाजता चंद्रीनं तिचं मनगट धरलं. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. बोटं थोडी वर, थोडी खाली. मग दुसरा हात धरला. तिचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

ती माझ्या कानाशी आली. "लागूनच नाई राह्यली."

मी मोजली. ७८. भरलेली, एकसारखी. गिरजाबाई आम्हा दोघींवर खेकसली — "काय व पोरीहो, माया हात म्हंजे खेळणं हाय काय?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तू मोजली ना? अठ्ठ्याहत्तर ना? मग झालं." मी म्हटलं, पण ती वही... "शेख, मले दवाखाना चालवायचा हाय, जादूचे खेळ नाई!" डॉक्टरसाहेबांना काय सांगणार? की साहेब, माझी मैत्रीण उद्याची नाडी आज मोजते? मला घरी पाठवून दिलं असतं आणि अब्बांनी हौसेनं मंडप घातला असता. स्वतःवरच इतका राग आला होता की सांगता सोय नाही. मी, विज्ञान घोकणारी मुलगी, एका पोरीच्या बोटांना घाबरून बसले होते.

चार वाजता गिरजाबाईच्या कागदावर मी लिहिलं — नाडी १३०. खोटं. सरळ खोटं. आणि डॉक्टरसाहेबांना बोलावून आणलं.

त्यांनी मोजली, ८०. पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, डोळे पाहिले. "कुठे आहेत एकशे तीस?"

"मघाशी होते साहेब."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेवटी वैतागून म्हणाले, "उद्याची सुट्टी थांबवा. सकाळच्या राउंडला पाहू. आणि हिला कुणीतरी नाडी मोजायला शिकवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईच्या नवऱ्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवतोय, हा आत ओरडतोय — "धडधाकट बाई कायले अडकून ठेवली? तिकडे घरी दोन लेकरं हायेत, त्याहिले कोण पाह्यते?" ती पण गाठोडं बांधून तयार. मी दारात उभी राहून शिव्या खाल्ल्या. साडेआठला ट्रक निघून गेला. नवरा बाहेर झाडाखाली जाऊन बसला, बायकोनं माझ्याकडे पाठ फिरवली.

साडेनऊला मोजली, ८४. काहीच नाही! मला वाटलं, झालं, माझं ट्रेनिंग संपलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना गिरजाबाई म्हणाली, "पोरी, मले गरगरून राह्यलं व." चंद्री पलीकडून धावत आली, तिनं मनगट धरलं. "लागून नाई राह्यली." तेच शब्द. मी दुसरा हात धरला. खरंच नाही. पांघरूण ओढलं तर खालची गादी रक्तानं भिजलेली.

"याडी ये!" चंद्री ओरडली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

तिला वाटलं संपलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण घोकलेलं कामी आलं. रक्त कमी पडलं की शरीर ते आधी मेंदूला आणि हृदयाला देतं. हातापायांचं तोडतं, म्हणून मनगटात नाडी लागत नाही. मी बोटं मानेवर ठेवली. होती! बारीक, पळणारी, पण होती. डॉक्टरसाहेब राउंडवर, दोनच खाटा पलीकडे. मग सगळं एकदम — खाटेच्या पायथ्याखाली विटा, सलाइन, इंजेक्शन, पोटावरून गर्भाशय चोळणं... आत वारेचा तुकडा राहिला होता. त्यांनी तो काढला. दुपारी दोनला मनगटात नाडी परत आली. त्या वेळी ट्रकमध्ये असती तर पांढरकवड्याच्या रस्त्यावर, जंगलात, कापसाच्या गाठींवर...

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी ते १३० पुन्हा काढलं. माझा कागद आणि चंद्रीची वही बाईंच्या टेबलावर आली. बाईंनी आम्हाला समोर उभं केलं आणि इतक्या चिडल्या की कागद आणि वही दोन्ही टेबलावर आपटली.

"तू खोटा आकडा लिहिला. हिनं खरा आकडा एक दिवस आधी लिहिला. आता मी शिक्षा कोणाले देऊ, सांगा!"

दोघींनाही दिली. आठवडाभर बेडपॅन धुतले.

गिरजाबाई बारा दिवसांनी घरी गेली. जाताना डॉक्टरसाहेबांकडे आमची तक्रार करून गेली की या दोन पोरी ऊठसूट हात धरतात, जेवूसुद्धा देत नाहीत.

चंद्रीची नाडी त्या दिवसापासून सुधारली. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी. ७६ म्हणजे ७६. आम्ही दोघी पास झालो. तिची नोकरी ढाणकीकडे झाली आणि तिनं शेकडो बाळंतपणं केली. पुन्हा असं एकदाही घडलं नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मी विषय काढला तर फणकारली, "तुले अजून तेच पडलं काय? मले काय मालूम!"

तीन डॉक्टरांना विचारून झालं. एक म्हणाले योगायोग. एक म्हणाले, तिला गिरजाबाईचा रंग-बिंग पाहून नकळत समजलं असेल. बरं, आणि माझी ती दहा दिवसांची रांग? त्यावर तिसरे म्हणाले, वही दाखवा. वही ऑफिसात जमा झाली ती कुणाला परत मिळालीच नाही! म्हणजे आता माझ्याकडे पुरावाही नाही.

मला या गोष्टीचा अर्थ लागलेला नाही आणि लागेल असं वाटतही नाही. छत्तीस वर्षांत रुग्णाच्या कागदावर मी एकच आकडा खोटा लिहिला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लिहीन.