काकवीच्या रंगाची अंडी

अंडेआक्कांनी उभ्या जन्मात अंडं चाखलं नव्हतं. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्म, सोमवारी कडक उपास. आणि अशा बाईला सगळी गल्ली अंडेआक्का म्हणे. खुराड्यात शिरण्याआधी त्या पदराने लिंग झाकून घेत. अंडं हाती आलं की उजेडाकडे धरून असं निरखत, जणू त्यावर कुणाचं मरण लिहिलेलं आहे. आत काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. "आतलं खाणाऱ्याचं," त्या म्हणत. "वरलं माझं." त्यांच्या त्या बघण्याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती वाटे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. माझे यजमान नांदेडहून नव्या कचेरीत बदलून आले आणि आम्ही आक्कांच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहू लागलो. यजमान साधे कारकून, पण आक्का मला कलेक्टरीणबाई म्हणत आणि पाण्याचा टँकर आला नाही की जाब मलाच विचारत. जिल्हा आला होता, पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. "जिल्हा दिले म्हणं," आक्का रिकामी घागर माझ्यासमोर आपटत. "आता जिल्हा पिऊ का, कलेक्टरीणबाई?" माझीही घागर रिकामीच असायची.

त्यांचं मुरूडकडचं शेत करपलं होतं. मुलगा डाळमिलमध्ये जायचा, तीही आठवड्यातून निम्मे दिवस बंद. अशात कुठल्याशा योजनेत तांबड्या विलायती कोंबड्या वाटल्या, तपकिरी अंडी देणाऱ्या. आक्कांनी त्या आणल्या आणि समाजात गहजब झाला. लिंगायताच्या घरात खुराडं! जंगमस्वामींनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं. आक्का एवढंच म्हणाल्या, "दूध पिऊन राहिलो की आपण. म्हून गाय खाल्ली का?" पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मला त्यांच्या सुनेने, महानंदाने सांगितलं. मनाला लागलं की आक्कांचं पहिलं अन्न तुटायचं.

त्यांचे यजमान गुळाचे आडते होते. ढेपेच्या रंगावरून मालाची पारख करायचं वळण आक्कांच्या डोळ्याला त्या घरात लागलं होतं. तेच त्यांनी अंड्यांना लावलं. गडद अंडं म्हणजे काकवी. त्याहून उजळ तो गूळ. त्याच्याही खाली शेंगेचं टरफल, आणि सगळ्यात शेवटी चुना. चुना हा शब्द त्या हळू आवाजात उच्चारत. "कोंबडी खोकायच्या आधी अंडं सांगतं," त्या म्हणत. मुरूडला त्यांच्या बहिणीचं खुराडं मानमोडीच्या साथीने चार दिवसांत रिकामं केलं होतं. माना पिरगळून कोंबड्या गोल गोल फिरत पडल्या. "रंग आधीच गेला होता. तिनं बघितलं न्हाई. आधी कळलं तर आजारी बाजूला काढता येतंय, बाकीच्यांना लस देता येती. मागून कळलं तर नुसता खड्डा खणायचा."

म्हणून रंग जरा उतरला की घरात सुतकी शांतता पसरे. जिल्ह्याच्या आनंदात कुणी पुढारी आला आणि आमच्या गल्लीतून फटाके फोडत मिरवणूक गेली. दुसऱ्या दिवशी अंड्यांवर पांढुरकी भुकटी होती, राख फासावी तशी. मी घाबरले. आक्कांनी एकेक अंडं फिरवून पाहिलं. "भ्याल्यात. भ्यालेली कोंबडी अंडं पोटात धरून बसती, मग त्याला भस्म चढतं." आणि खरंच, दोन दिवसांत भस्म उतरलं.

वैशाखात रंग पुन्हा फिका पडला. आक्कांनी स्वतःच्या वाट्याचं पाणी खुराड्यावरच्या गोणपाटांवर शिंपडलं. काही अंडी तरीही शेंगेच्या टरफलापुढे सरकेनात. "ह्या म्हाताऱ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "वय झालं की अंडं मोठं होतं, रंग हाय तेवढाच ऱ्हातो. पसरून पसरून किती पसरायचा?" मग आपल्याच सुरकुतल्या हाताकडे पाहून त्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

खरी भीती बसली ती मात्र त्यानंतर. एके सकाळी टोपलीत सगळा चुनाच चुना! तीन दिवस आक्कांच्या पोटात अन्न नव्हतं. खुराड्यासमोर बसून त्या एकेका कोंबडीची मान न्याहाळत राहिल्या. शेवटी उलगडा झाला. पिल्लांच्या रक्ती हगवणीवर दुकानातून आणलेली पूड चुकून मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली होती. पूड बंद केली, रंग परतला, आक्का भाकरी खाऊ लागल्या. त्या तीन दिवसांत सासूचा चेहरा कसा उतरला होता, ते महानंदा विसरली नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

ज्येष्ठात टँकरच्या झुंबडीत आक्का घसरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. वजनं बांधून त्यांना सोप्यात निजवलं. डॉक्टरांनी महानंदाला बजावलं, वय झालंय, अन्न तुटू देऊ नका, नाहीतर हाड राहील बाजूला आणि बाई जाईल. खुराडं आता महानंदाकडे आलं. रोज सकाळी ती टोपली खाटेपाशी आणी आणि आक्का पडल्या पडल्या रंग बघत. काकवी, गूळ, काकवी. अंडी कमी भरत होती, पण उन्हाळ्यात भरतातच कमी. आक्का समाधानाने टोपली परत करत आणि ताटातलं संपवत. खुराड्याचा गलका मात्र कमी झाला होता. मी महानंदाला विचारलं तर म्हणाली, "ऊन लई हाय, वैनी."

एका सकाळी मी आक्कांजवळ बसले असताना त्यांनी एक अंडं उचललं आणि त्या थबकल्या. ते सुंदर होतं, बुडापासून शेंड्यापर्यंत एकसारखं काकवी. "एवढ्या उन्हात?" त्या पुटपुटल्या. अंडं त्यांनी नाकाशी नेलं. मग पदराचं टोक ओलं केलं आणि अंड्यावर घासलं. पदर तपकिरी झाला. खालून चुना निघाला.

महानंदा दारातच उभी होती. काही विचारावं लागलं नाही. रंग उतरायला लागला तसं तिने चहाची पूड उकळून, त्या पाण्यात अंडी बुडवून, वाळवून सासूपुढे आणायला सुरुवात केली होती. बाजारात कुणी गिऱ्हाइकाला फसवायला असं करतं, हे मी ऐकून होते. हिने सासूला दोन घास जावेत म्हणून केलं होतं. वाटलं होतं, मागच्यासारखंच काहीतरी असेल, जाईल आपोआप.

"मला खुराड्यापाशी न्या," आक्का म्हणाल्या. हलवायची मनाई होती, पण त्यांच्यापुढे कुणाचं चाललं नाही. मुलाने आणि माझ्या यजमानांनी खाटच उचलली. खुराड्यात कितीतरी कोंबड्या कोपऱ्यात फुगून बसल्या होत्या. एक मान उलटी पिरगळून जागच्या जागी फिरत होती. आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, "तू मला रंग दाखिवलीस, पोरी. मला कोंबडी बघायची होती."

एकही वाचली नाही. मागच्या अंगणात खड्डा खणून, चुना टाकून सगळ्या पुरल्या. महानंदा दिवसभर रडली. आक्कांनी तिला एक कडू शब्द ऐकवला नाही; मला तर वाटे, त्या चार शिव्या देतील तर बरं. पण तेव्हापासून त्या घरात कुणाच्या शब्दाला वजन राहिलं नाही. मुलगा म्हणाला, मिल चालू होणार हाय, की आक्का त्याच्याकडे नुसत्या पाहत. दूध आणलं की दोन बोटांत घेऊन बघत. महानंदा त्या नजरेने खंगत चालली.

हाड जेमतेम जुळलं, पण दिवाळीनंतर आक्कांचं पोट दुखायला लागलं आणि सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. त्याच आठवड्यात आमची नांदेडला बदली आली होती. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा मुलगा आणि महानंदा नुकतेच डॉक्टरांना भेटून परतले होते. मुलगा चपला न काढता बाहेरच थांबला. महानंदा आत आली आणि हसत म्हणाली, "काय न्हाई म्हणले डॉक्टर, आत्या. गोळ्यांनी जाईल."

आक्कांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, अंडं पाहत तसं, सगळीकडून.

"चहा लावून आणलीस का?"

महानंदाचं हसू तसंच थिजलं. मला वाटलं ती आता नाही म्हणेल. नाही म्हणणं किती सोपं होतं! ती खाली बसली, सासूचा हात धरला आणि म्हणाली, "हाव, आत्या."

"मग आता पुसून सांग," आक्का म्हणाल्या. "आधी कळू दे."

आणि महानंदाने सांगितलं.