वाळूवर एकही थेंब नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, चौकशीला बसलेल्या साहेबांना तर नाहीच. युद्धाच्या काळात नगरच्या छावणीत असताना मी एका डिझेल लॉरीच्या गिअरबॉक्समध्ये चुकीचं तेल भरलं. चुकून नव्हे. बरोबर तेल कोणतं, ते मला पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा एम. टी. वर्कशॉपमध्ये, म्हणजे लष्करी मोटारगाड्यांच्या कारखान्यात, नाईक होतो. आमच्या बहुतेक लॉऱ्या पेट्रोलवर चालत. डिझेलच्या तीनच होत्या, जड माल ओढणाऱ्या. पेट्रोल लॉऱ्यांच्या गिअरबॉक्सला काकवीसारखं जाड गिअर ऑइल लागे. या तिघींना मात्र इंजिनचंच पातळ तेल. गिअरबॉक्सवर पितळी पाटी ठोकलेली होती आणि तिच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

कारण साधं होतं. त्या गाड्यांना खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. आधी न्यूट्रल, मग इंजिनाला जोर देऊन आतली चक्रं फिरती ठेवायची, आणि ती जुळली की दांडा आत. पातळ तेलात चक्रं फिरत राहतात. गारठलेल्या जाड तेलात ती लगेच थांबतात. मग दात नुसते खरखरतात, आणि तोवर गाडी न्यूट्रलमध्येच उताराला लागलेली असते.

त्यातली एक लॉरी याकोब साळवे चालवायचा. राहात्याचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्याच्या शेजारी सेकंड ड्रायव्हर म्हणून धोंडिबा गवळी, मिरजगावचा. धोंडिबा त्याला पाद्री म्हणायचा आणि दोघं एका ताटात जेवायचे. याकोबची एक सवय होती. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो गिअरबॉक्सचा प्लग उघडून आत बोट घालायचा. तेल किती आहे ते बघायचा, बोटांवर चोळायचा, मग प्लग लावायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायचे.

डिसेंबरात इन्स्पेक्शन लागलं. आमच्या युनिटात एक रीत होती. इन्स्पेक्शनच्या दिवशी प्रत्येक गाडीखाली चाळलेली पांढरी वाळू पसरायची. कॅप्टनसाहेब गाडीकडे नंतर बघत, आधी वाळूकडे. तेलाचा डाग दिसला की त्या गाडीचा नाईक कामातून गेला. याकोबच्या लॉरीच्या गिअरबॉक्सचं मागचं सील गळत होतं. नव्या सीलची मागणी गेली होती, सील आलं नव्हतं. सुभेदारसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तिसरी फीत या इन्स्पेक्शनवर आहे. वाळू कोरी पाहिजे."

तिसरी फीत म्हणजे हवालदारी.

आदल्या संध्याकाळी मी एकट्याने पातळ तेल काढलं आणि जाड भरलं. जाड तेल सीलमधून गळत नाही. गिअरबॉक्ससाठी नव्हे, वाळूसाठी मी ते तेल निवडलं. इन्स्पेक्शन झालं की परत बदलू, असं मनाशी ठरवलं होतं.

साहेब आले. वाकले. छडीने वाळू जराशी उकरून पाहिली. "व्हेरी क्लीन," म्हणाले आणि पुढे गेले.

त्याच संध्याकाळी ऑर्डर आली. पहाटे गाड्यांचा कॉन्व्हॉय, औरंगाबाद रस्ता, डिझेल लॉऱ्या पूर्ण लोडवर. तेल बदलायला रात्र मोकळी होती. पण स्टोअरवाल्याने विचारलं असतं, काल भरलेलं तेल आज का काढतोस? मी झोपायला गेलो.

पहाटे कडाक्याची थंडी होती. मी गाड्यांच्या रांगेवर पोचलो तेव्हा याकोब पाना घेऊन गाडीखाली सरकत होता.

"काय करतोस?"

"तेल बगतो, उस्ताद."

"मी भरलंय. बाहेर ये."

"एक मिनिट लागंल."

"वेळ नाही. फॉल इन." मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. तो हात पुसून गाडीत चढला.

नगर सोडून थोडं गेल्यावर कॉन्व्हॉय एकदा थांबला. मी याकोबच्या मागच्या लॉरीत होतो. तो खाली उतरून माझ्याकडे आला. "उस्ताद, गिअर लई जड येतोय."

वरून धोंडिबा ओरडला, "पाद्रीबाबा, सकाळी भाकर खाल्ली न्हाई का? जोर लावा की!"

"गप ए. मिरजगावच्या बाजारात बैल हाकनारा तू, तुला काय कळतंय गिअरातलं?"

"बैलाला गिअर नसतो म्हनून बरं हाय. न्हाई तर त्येचंबी तेल बगत बसला असतास."

आजूबाजूचे हसले. याकोबही हसला. मग माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणालो, "थंडी आहे. गरम झाली की मऊ येईल."

"व्हय, उस्ताद."

तिथे मी सांगू शकत होतो. जाड तेल आहे, घाटात वरूनच खालच्या गिअरमध्ये उतर, मध्ये बदलू नको, एवढंच. एका वाक्याचं काम होतं.

इमामपूरच्या घाटाच्या माथ्यावर मागच्या गाड्या येईपर्यंत पुन्हा थांबलो. वारा बोचरा होता. जे काही तेल तापलं असेल ते पुन्हा गारठलं. मग पुढून हाताची खूण झाली आणि गाड्या निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत याकोबची लॉरी ठीक चालली. पुढे उतार वाढला, आणि त्याने खालचा गिअर टाकायला घेतला. मागच्या लॉरीत मला खरखर ऐकू आली. पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा, लांब. ब्रेकचे लाल दिवे लागले ते लागलेच राहिले. चाकांतून धूर निघाला. लॉरी दुसरं वळण घेऊ शकली नाही, रस्ता सोडून खाली गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. मला तेच कळेना. एवढी मोठी गाडी, आणि इतकाच आवाज?

मी उतरून खाली धावलो. लॉरी कुशीवर पडली होती, गिअरबॉक्स फुटला होता. तेल दगडांवर सांडलं होतं, पण वाहत नव्हतं. जाड, काळं, जिथल्या तिथे चिकटलं होतं. वरून कॅप्टनसाहेब उतरत होते.

आणि मी आधी त्या दोघांकडे गेलो नाही. मी बुटाने त्या तेलावर माती लोटली. दोन्ही पायांनी. माझे पाय हे करतायत आणि मी बघतोय, असं मला वाटत होतं. तेल दिसेनासं झाल्यावर मी केबिनकडे वळलो.

धोंडिबा गेलेला होता. याकोबला शुद्ध होती. मला ओळखून म्हणाला, "उस्ताद, गिअर पडला न्हाई." जणू रिपोर्ट देत होता. हॉस्पिटलपर्यंत तो पोचला नाही.

चौकशी दोन दिवसांनी झाली. मला एकच महत्त्वाचा प्रश्न आला.

"गिअरबॉक्स ऑइल?"

"करेक्ट, सर."

निकाल लागला: ड्रायव्हरने उतारावर गिअर चुकवला. दोन मृत्यू, दोष ड्रायव्हरचा. पुढच्या महिन्यात माझ्या बाहीवर तिसरी फीत आली.

याकोबची ट्रंक न्यायला त्याचे वडील आले. धोतर, काळा कोट, हातात टोपी. ट्रंक मी दिली. ती बाजूला ठेवून त्यांनी मला हात जोडले.

"हवालदारसाहेब, माझ्या मुलाच्या हातून तुमचा माणूस गेला. त्याच्या वतीने मी माफी मागतो."

त्यांनी मिरजगावची वाट विचारली.

"तिथं कशाला, मास्तर?"

"त्या मुलाच्या आईला भेटलं पाहिजे. काय बोलू मी तिथं? तुम्ही त्याला ओळखत होता."

मी म्हणालो, "झालं ते सांगा." आणि त्यांना मिरजगावकडे जाणाऱ्या मोटारीत बसवून दिलं. मोटार दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. धावत जाऊन ती थांबवता आली असती.

ते तिथे गेले. दारात उभे राहून त्यांनी माफी मागितली. धोंडिबाच्या आईने त्यांना पाणी दिलं. हे मला मिरजगावच्याच एका शिपायाने नंतर सांगितलं. राहात्याचीही बातमी पुढे कानावर आली. याकोबच्या धाकट्या भावाला ड्रायव्हर व्हायचं होतं. मास्तरांनी होऊ दिलं नाही. म्हणाले, आपल्या घराला तो हात नाही.

नोकरी सुटल्यावर मी नगरलाच गॅरेज टाकलं. लोक डिझेल गाड्या घेऊन येतात, विचारतात, गिअरबॉक्सला कोणतं तेल टाकू? मी पाटी बघायला सांगतो. पाटी नसेल तर पुस्तक. तेही नसेल तर कंपनीला विचारून येईपर्यंत मी प्लग उघडत नाही. लोक चिडतात, दुसरीकडे जातात. याकोबकडून घेतलेला तो पाना अजून माझ्याकडे आहे.

ड्रायव्हर याकोब साळवे, राहाता. तो चांगला ड्रायव्हर होता. आमच्या युनिटातला सर्वात चांगला. सेकंड ड्रायव्हर धोंडिबा गवळी, मिरजगाव.

मास्तर अजून आहेत. थकले आहेत, पण ऐकू येतं. मिरजगावच्या दारात त्यांनी मागितलेली माफी माझी होती. ती मला तिथे जाऊन मागायची आहे, आणि त्याआधी राहात्याला जाऊन मास्तरांना सांगायचं आहे की गिअर याकोबने चुकवला नव्हता. एवढं माझ्याकडे देणं आहे. त्यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.