कपाळाखालची माती

सिद्धलिंगप्पांनी सोलापुरातल्या एकाच फुटबॉल मैदानावर तीस वर्षं फक्की मारली. गुडघे गेले, कंबर गेली, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. सकाळी विभूती लावून यायचं, मातीला हात लावून तो कपाळी न्यायचा, की लागले कामाला.

या खेपेला मात्र अप्पा तीन दिवस मैदानावर बसूनच होते. सामन्याला मुदस्सर येणार होता. इथंच खेळून मोठा झालेला, आता कोलकात्याच्या क्लबात पगारावर खेळणारा. गोल केला की तो कोपऱ्यातल्या झेंड्याकडं धावतो, गुडघे टेकतो आणि कपाळ जमिनीला लावतो. नात शिवानीनं मोबाईलवर दाखवलं, तेव्हा अप्पा गोल सोडून खालचं हिरवंगार गवतच बघत राहिले. आपल्या मैदानात गवत कुठलं? सराट्याचे काटे, चपलेतून वर येणारे. त्यावर पोरानं कपाळ टेकवायचं?

सगळं मैदान वेचायची ताकद आता उरली नव्हती. सेक्रेटरी म्हणाले होते, पाहुणा पहिला हाफच खेळेल, मग सत्कार. पहिल्या हाफमध्ये आपला संघ नेहमी कडुलिंबाकडच्या गोलवर चाल करतो आणि मुदस्सर खेळतो डावीकडून. म्हणजे कडुलिंबाकडचा डावा कोपरा. तेवढाच अप्पांनी पोत्यावर बसून, सरकत सरकत, बोटांनी वेचला.

सेक्रेटरींनी जाताजाता टोमणा मारला, "अप्पा, लिंगायत माणूस तुमी, अन् नमाजाची जागा झाडताय की."

"मैदान माज्या हातातलं हाय," अप्पा मान वर न करता म्हणाले.

सामन्यादिवशी सत्कार करणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना पुढं मोहोळला जायचं होतं, म्हणून सत्कार आधी उरकायचा ठरला. शाल, फेटा, नारळ, तीन भाषणं. खेळ सुरू झाला तरी मुदस्सर फोटोंच्या गराड्यातच. मैदानात उतरला तो दुसऱ्या हाफमध्ये, बाजू बदलल्यावर. आता चाल शाळेकडच्या गोलवर. पलीकडं जाऊन चार काटे वेचावेत, तर पाय उचलेना. या पोराकडून गोल होऊ नये, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

गोल झालाच. शाळेकडच्या कोपऱ्यात कपाळ टेकलं. लोक ओरडले, काहींनी नाकं मुरडली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

सामना संपल्यावर मुदस्सर येऊन पोत्याशेजारी उकिडवा बसला. कपाळात सराटा रुतलेला. अप्पांनी नखानं तो अलगद काढला.

"त्या लिंबाकडच्या कोपऱ्यात एक बी न्हाय," ते म्हणाले. "तीन दिस वेचलं. अन् तू हिकडं गोल केलास."

मुदस्सरनं त्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. "माझी दुपारनंतरची, अस्रची नमाज राहिलीय, अप्पा," तो म्हणाला आणि बूट हातात घेऊन तिकडं निघाला. अर्ध्या वाटेत एका पायावर उभं राहून तळव्यातला काटा काढताना दिसला. वाट कुणी वेचली होती?

अप्पांच्या चिमटीत कपाळातला सराटा तसाच होता. मैदानावर टाकायला हात होईना. त्यांनी तो खिशात घातला.