दुसरीची पावलं

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर मातीची दरड माझ्या अंगावर आली आणि कमरेची हाडं मोडली. खर्ड्याजवळच्या आमच्या गावातून मला ट्रकमध्ये घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. बऱ्याच महिन्यांनी परत आले तेव्हा पाय दोन्ही जागच्या जागी होते, पण चालायला लागले की अशी लचकायचे की बघणारा तोंड फिरवी. सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, "गौरीपातूर नीट चाललीस तर बरं. न्हाईतर पोराला दुसरी बगावी लागंल. लंगडत्या पायांनी आमच्यात गौर आनत न्हाईत." त्यांचा पोरगा, म्हणजे माझा नवरा, शेजारीच सुपारी कातरत बसला होता. त्याने मान वर केली नाही. अजूनही अडकित्त्याचा आवाज आला की माझं डोकं फिरतं.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. माझा पाय अधू झाला असं म्हटलं की त्या वैतागायच्या. "पायाला नावं ठेवू नका. तो कुठं टांगलाय ते बघा." मग त्यांनी माझे दोन्ही तळवे माझ्याच खुब्यांवर ठेवायला लावले आणि डावा पाय उचलायला सांगितला. पाय उचलला आणि डाव्या हाताखालचं हाड खाली गेलं. एका बाजूची घागर सुटलेल्या कावडीसारखं ते सगळं कडं कलंडलं. ओटीपोटाभोवती हाडांचं असं कडं आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यावर घागरी वाहिल्या, ते माझ्या अंगात परक्यासारखं हलत होतं. मी दचकून हात काढले.

बाईंनी समजावलं, की एक पाय उचलला की दुसऱ्या बाजूच्या खुब्याने सगळं कडं पेलून धरायचं असतं. माझा उजवा खुबा तेच विसरला होता. कुशीवर निजून पाय उचलायचा, चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, असं त्यांनी शिकवलं. आणि शेवटी म्हणाल्या, "रोज उलटं चाला. पुढं जाताना तुमच्या अंगाला भीती आठवते. मागं जायची त्याला सवयच नाही, म्हणून भीतीपण नाही."

गावात उलटं चालायचं म्हणजे हसं व्हायचं. म्हणून मी दुपार धरली. दुपारी सगळं गाव खडी फोडायला कामावर गेलेलं असे. कुत्रीसुद्धा माणसांमागे, कामावर खायला वाटत त्या सुकडीच्या आशेने जात. मी मागचं दार उघडून, घराकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत परड्याच्या टोकाला आटलेल्या विहिरीपर्यंत जायचे. ती विहीर कुणी वापरत नसे. तिच्यात पूर्वी कुणी बाई गेली होती म्हणत. तिथून मी सरळ चालत घरी यायचे.

मागे जाताना पाठ विहिरीकडे असायची. फुफाट्यात माझीच पावलं वाजायची, पण ती माझी वाटायची नाहीत. एकसारखी, सरळ, कुठेही न लचकणारी. मी थांबले की तीही थांबायची. वळून बघायची माझी छाती होत नसे. परत येताना मात्र माझा ओळखीचा फरफटणारा पाय वाजायचा आणि जिवात जीव यायचा. फरफटण्याचा आधार वाटावा, अशी वेळ आली होती.

काही दिवसांनी सासूबाई कामावरून आल्या की आधी परडं झाडायला लागल्या. हातपाय धुवायच्या आत, कुणाशी न बोलता. मग उंबऱ्याला लिंबू-मिरची आली. एका संध्याकाळी भाकरीतुकडा माझ्यावरून उतरून त्या विहिरीकडे टाकून आल्या. मी विचारलं, तर "गप बस" एवढंच.

सासूबाईंनी तिला सांगितलेलं शेजारणीने शेवटी फोडलं. "अगं, रोज दुपारी दोगी बाया तुमच्या घरात येत्यात. विहिरीकडनं. एक लंगडी हाय, एक चांगली धडधाकट. येतानाची पावलं हायती, जातानाची न्हाईत."

दुपारी घरात मी एकटी असायचे. त्या दोघी आत येत होत्या, तर होत्या कुठे? दुसऱ्या दिवशी मी दार उघडलंच नाही. उतरंडीकडे पाठ करून बसून राहिले. संध्याकाळी सासूबाई परड्यात गेल्या आणि खराटा न उचलता परत आल्या. आज पावलं नव्हती. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी होती. मी त्यांना परड्यात उभं केलं आणि उलटी चालून दाखवली, मग सुलटी आले. दोन्ही वेळा पावलांची बोटं घराकडेच वळलेली. मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. वाकून बघत राहिल्या.

"ही फरफटती, ही तुजी," त्या म्हणाल्या. "आन् ही?"

"तीपण माझीच."

"तुजी अशी कुटं हायेत?"

खरंच नव्हती. ती पावलं दरडीखाली जाण्याआधीची माझी होती. मला हसता हसता रडू आलं, आणि भीतीही गेली नाही. सासूबाई पुढे आल्या, दोन्ही तळवे माझ्या खुब्यांवर दाबून धरले आणि म्हणाल्या, "चल. पुडं चल आता." त्या माझ्याकडे तोंड करून मागे सरकत होत्या आणि मी पुढे. कडं कलंडलं की त्यांची बोटं रुतायची. पुढे रोज कामावरून आल्यावर हेच चाललं. दुसरीचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

भादव्यात गौर आली ती माझ्याच हातून. कुंकवाच्या पावलांवर पाय देत मी उंबऱ्यापाशी आले. थोडी लचक होतीच, ती अजूनही आहे. मागून शेजारणीने दबक्या आवाजात सासूबाईंना विचारलं, "मग दुसरीचं काय ठरलं?"

"कवाच आली की ती," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीकडनं येत हुती, तीच."

मागे न बघता मी उंबरा ओलांडला.