भोंगा झाल्यावर काढलेला फोटो

“बाई, ही तिसरी फिल्म! यात हाड कुठंय? का मी अंदाजपंचे सांगू?”

ओली फिल्म हातात धरून आमचे हाडांचे सर्जन माझ्यावर उखडले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन होते.

टेबलावर मैंदर्गीच्या गंगव्वा. साठीच्या. अंगणात घसरून पडल्या होत्या. समोरून काढलेल्या फोटोत खुबा धडधाकट दिसत होता. पण बारीक चीर कधी कधी बाजूनेच दिसते, आणि बाजूने खुबा म्हणजे हाडामांसाची जाड भिंत. किरण आरपार जायला व्होल्टेज भरपूर लागतं. माझ्या तिन्ही फिल्म पाण्यासारख्या फिकट. किरण सोडायचा वेळ वाढवावा, तर कळ येऊन पाय थरथरे आणि फोटो हले.

“मुका मार असेल. जेवण झालं की घरी पाठवा. उद्यापासून चालू दे त्यांना.”

“अवो, पाय टेकवतच न्हाय की!” गंगव्वा रडकुंडीला आल्या. “खोटं कशाला बोलू?”

चीर असेल आणि या चालल्या, तर हाड सरकणार. मग बाई जन्माच्या अधू.

“साहेब, अजून एक फिल्म घेते.”

“काय उपयोग? ट्यूब म्हातारी झालीय म्हणून तुम्हीच सांगता ना?”

ट्यूब म्हणजे किरण तयार करणारी काचेची नळी. तिच्या नावाने मी सहा महिने बोटं मोडत होते, हे खरं.

तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. मिलच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर जेवायचं. आम्हीही मशीन बंद करून शेंगाचटणी-भाकरीचे डबे उघडायचो. त्या दिवशी माझं डोकं इतकं फिरलं होतं की मशीन बंद करायचंच राहिलं. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमची खडखड थांबली आणि व्होल्टेजच्या मीटरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला.

अगं बाई! ट्यूब बिचारी ठणठणीत होती. एकाच ट्रान्सफॉर्मरवर ते माग आणि आम्ही. वीज ते ओढून घेत होते. आणि पुरती वीज मिळायची त्याच वेळात आम्ही रोज जेवत बसायचो! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“साहेब, जेवायला जाऊ नका!” मी ओरडलेच.

चौथी फिल्म धुऊन बाहेर आणली आणि साहेबांसमोर उजेडात धरली. खुब्याच्या हाडाच्या मानेत चीर. केसाएवढी, पण लख्ख.

साहेबांनी फिल्म हातात घेऊन चिरेवरून बोट फिरवलं. “हलवू नका त्यांना. खिळा घालू. आणि बाई… शाब्बास.”

मी डार्करूममध्ये जाऊन मनसोक्त रडले, मग दोन भाकऱ्या हाणल्या.

तीन महिन्यांनी गंगव्वा स्वतःच्या पायांनी जिना चढून आल्या. “बगा की, काठी बी सोडली!” म्हणत खोलीभर फिरून दाखवलं.

पुढे व्होल्टेज स्वतःच सांभाळणारी मशिनं आली, स्कॅन आले, डार्करूम गेली. मी नव्या लोकांना एवढंच सांगते: मशीनला शिव्या घालण्याआधी, शेजारी काय चाललंय ते बघून या.