नकली गॅसचा कारागीर

चोख काम करूनही आमच्या गावात शिव्या खाल्लेला माणूस एकच, ऑर्लिन हाउगेन. मिनेसोटातल्या थंडीत पारा उणे तिसाखाली उतरला की घरं तापवायच्या भट्ट्या सगळीकडे एकदम पेटतात आणि पाइपातून येणारा नैसर्गिक गॅस पुरत नाही. मग गावाबाहेरच्या प्लँटवर ऑर्लिन टाकीतला प्रोपेन मोजून हवेत मिसळायचा आणि त्याच पाइपात सोडायचा. मिश्रण असं जमायला हवं की शेगडीला पत्ता लागू नये. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होऊन भांडी काळी करते, जास्त झाली तर बर्नर सोडून उडायला लागते.

यंत्रावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. प्लँट चालू असला की तो "सहज आलो" म्हणत कुणाच्याही स्वयंपाकघरात घुसे आणि शेगडीसमोर ओणवा होई. "फरक ओळखणारा गावात एकच डोळा आहे, हा!" असं म्हणून तो डावा डोळा दाखवी. उजव्याला चष्मा लावूनही धड दिसत नसे.

चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर डोलोरेस क्वामेच्या ताब्यात. तिची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, करपली की ती ओरडे, "ऑर्लिनचा नकली गॅस!" एकदा तर ऑक्टोबरात करपली, तेव्हा प्लँटला कुलूप होतं. तरी दोष ऑर्लिनलाच. शेवटी तिने विजेचे तवे आणायचा ठराव मांडला.

ऑर्लिनची झोप उडाली. "आज चर्च विजेवर गेलं, उद्या गाव जाईल," तो बायकोला म्हणाला. "माझी तीस वर्षं पाण्यात, आर्डिस."

पास्टरांनी तोडगा काढला. शनिवारी प्लँटवर ऑर्लिनचा जोडीदार लाइल असेल. वाटेल तो गॅस तो सोडेल आणि कुणाला सांगणार नाही. डोलोरेसने लेफ्सा भाजून गॅस ओळखायचा. ओळखला तर वीज, चुकली तर गॅस.

शनिवारी अख्खं गाव तळघरात जमलं. डोलोरेसने लेफ्सा उलटली, तुकडा तोडला, डोळे मिटून चघळला.

"अस्सल! नैसर्गिक गॅस. नकलीवर अशी उतरतच नाही."

ऑर्लिनला गप्प राहायचं होतं, पण जित्याची खोड! तो ओणवा झाला आणि डावा डोळा बर्नरला भिडवला. "अस्सलच आहे," तो पडेल आवाजात म्हणाला. "बाई बरोबर आहे."

पास्टरांनी फोन लावला. लाइल पलीकडून ओरडला, "मिश्रण! पहाटेपासून मिश्रणच सोडतोय!"

तळघर टाळ्यांनी दणाणलं. गॅस राहिला. ऑर्लिन मात्र एरंडेल प्यायल्यासारखा बसला होता.

"जिंकलास ना? मग हस की!" आर्डिस म्हणाली.

"मलासुद्धा कळलं नाही गं," तो पुटपुटला. मला त्याची खरंच दया आली.

डोलोरेस हात पुसत समोर आली. "तीस वर्षं तुला बोल लावले ते परत घेते. पण पुढच्या वेळी लेफ्सा करपली तर मी कुणाच्या नावाने ओरडू, तेवढं सांग."

ऑर्लिनचा चेहरा एकदम उजळला.

"माझ्याच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंस तर याद राख."